खालून कापा

जबलपुरातल्या एका हिंदी दैनिकात मी तीस वर्षं रात्रपाळी केली. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि डोक्यात कॉलमची मापं. उशिरा जाहिरात आली की बातमी खालून कापायची, हा आमचा कुळधर्म. म्हणून महत्त्वाचं सगळं पहिल्या परिच्छेदात.

निवृत्तीनंतर कादंबरीला बसलो आणि ही सवय आडवी आली. पहिल्याच वाक्यात खून, खुनी, कारण आणि पोलीस ठाणं सांगून मी मोकळा! पुढची अडीचशे पानं काय, तपास सुरू आहे म्हणून काढायची?

दाखले मात्र हुरूप वाढवणारे. अरुण साधू बातमीदारच, पण 1977 साली ‘सिंहासन’ लिहून बसले. मंत्रालयात कानावर येतं आणि पेपरात छापता येत नाही, त्याची त्यांनी कादंबरी केली. आमच्या बाजूला माधवराव सप्रे. दमोहजवळच्या पथरियाचे, मराठी घरातले, पण हिंदी पत्रकारितेतलं मोठं नाव. त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ 1901 साली ‘छत्तीसगढ मित्र’मध्ये आली. विधवेची झोपडी बळकावलेल्या जमीनदाराला मातीची एक टोपली उचलवत नाही, एवढीच गोष्ट, दीड-दोन पानांची. पण तो ताळ्यावर येतो अगदी शेवटी. माझ्या हाती पडती, तर जमीनदार सुधारायचा राहिला असता.

हरिशंकर परसाईंनी तर इथे जबलपुरातच नोकरी सोडून लेखणीवर दिवस काढले. हे मी घरी सांगितलं. बायको म्हणाली, “तुमची पेन्शन चालू आहे ना? मग लिहा.”

खून सोडून मी जबलपूरचा भूकंप घेतला. 22 मे 1997, पहाटे सव्वाचार उलटून गेलेले. आमचा अंक छापून गाड्यांत चढलेला. गावाला हादरवणारी बातमी गावाला थेट खाटेवर पोचली आणि दारात पडलेल्या पेपरात पाणीटंचाई. माणसं गेली त्या पहाटे, त्यावर विनोद सुचत नाही. कादंबरीही सुचेना. तिसऱ्या ओळीला ‘मृतांचा आकडा वाढण्याची शक्यता’, सातव्याला मुख्यमंत्र्यांचं दुःख, एकेचाळिसाव्या ओळीला कादंबरी समाप्त.

बायकोने कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.

“आणि स्कूटरचं?”

“कुठली स्कूटर?”

“घर हलायला लागलं तेव्हा तुम्ही आधी स्कूटर बाहेर काढलीत. मग मला हाक मारलीत. अख्खी गल्ली रस्त्यावर उभी होती, सगळ्यांनी पाहिलं. समोरच्या काकू लोणच्याची बरणी घेऊन आल्या होत्या, काका आत राहिले होते.”

“हे काय छापण्याजोगं आहे?”

“तीस वर्षं तुम्ही कापलंत ते हेच ना?”

मी नवा कागद घेतला. स्कूटरपासून सुरुवात केली. रात्री अकरापर्यंत मी अजून फाटकाबाहेरही पोचलो नव्हतो आणि पानं झाली होती नऊ. बरणीत लोणचं कसलं होतं, ते विचारायला स्वयंपाकघरात गेलो.

“लिंबाचं,” ती म्हणाली. “पण माझं नाव कुठे येता कामा नये.”

तिला ‘विश्वसनीय सूत्र’ केलंय.