मधल्या फळीचे मामा

कोल्हापुरात पेठ तिथं तालीम, तालीम तिथं फुटबॉलचा संघ आणि संघ तिथं एक मामा. तालमींना राजाश्रय लागला, संघांना वर्गणी लागते. मामा मात्र आपोआप उगवतात. नात्यानं ते कुणाचेच मामा नसतात, पण अख्खी पेठ त्यांना मामा म्हणते. वय पन्नास ते सत्तरच्या दरम्यान कुठंतरी. कपाळाला गंध, खिशात चष्मा, हातात दुसऱ्यानं विकत घेतलेला पेपर. उमेदीत ते 'खेळायचे'. कुठल्या जागेवर, ते त्या दिवशीच्या चर्चेवर ठरतं. बॅकवर बोलणं चाललं असेल तर मामा बॅक होते, गोली चुकला असेल तर एका मोसमात त्यांनी गोलपोस्टही सांभाळलेलं असतं.

पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ... यांतल्या कुठल्या तालमीचे हे मामा, ते मी सांगणार नाही. एकाचं नाव घेतलं तर बाकीच्या तालमींचे मामा 'आमच्यात काय कमी हाय?' म्हणून दारात येतील.

साधा प्रेक्षक गोलवर बोलतो. मामांना गोलमध्ये फारसा रस नाही. "गोल काय, कुणीबी मारतंय. बॉल तिथवर नेला कुणी?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो आणि शेवटचाही. शाहू स्टेडियमवर घडलेल्या आणि न घडलेल्या प्रत्येक गोष्टीचं मूळ त्यांच्या मते मधल्या फळीत आहे. हरलो, तर मधी कुणी नव्हतं. जिंकलो, तर मधी कुणी नसताना जिंकलो. बरोबरी झाली, तर मामा दोन दिवस बोलतात. 'टीमला बॅलन्स पायजे' हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून इतक्या वेळा येतं, की तालमीसमोरच्या चहावाल्यालाही आता मधल्या फळीत नक्की किती जण असावेत याबद्दल मत आहे.

मामांचं दैवत क्लोद मॅकेलेले. घरच्या देवांची नावं घेताना मागंपुढं होईल, पण मॅकेलेलेची गोष्ट क्रमानं येते. २००३ साली रिअल माद्रिदनं बेकहॅमला घेतलं आणि मॅकेलेलेला चेल्सीला विकून टाकलं. "दुकानाला नवी काच बसवली आणि पाया इकून टाकला," मामा म्हणतात. पुढचे आकडे त्यांना पाठ आहेत आणि खरेही आहेत. त्या मोसमात झिदान, फिगो, रोनाल्डो, राऊल, बेकहॅम अशी सगळी मंडळी असताना रिअलनं लीगमधल्या शेवटच्या पाच मॅच ओळीनं घालवल्या आणि चौथा नंबर घेतला. तिकडं चेल्सीनं २००४-०५ मध्ये तब्बल पन्नास वर्षांनी लीग मारली आणि अख्ख्या मोसमात फक्त १५ गोल खाल्ले. मामा हा १५ चा आकडा सांगतात तेव्हा जणू त्यातले निम्मे त्यांनी स्वतः अडवलेले असतात. मूळ मुद्दा असा, की जो पोरगा गोल मारत नाही, फोटोत येत नाही, नुसता बॉल हिसकावून शेजारच्याला देतो आणि परत आपल्या जागेवर येऊन उभा राहतो, तोच खरा टीम चालवतो. मुद्दा बिनतोड आहे. मामांचं फुटबॉलचं ज्ञान कच्चं आहे असं म्हणणाऱ्यानं आधी त्यांच्याशी तासभर वाद घालून दाखवावा.

हे ज्ञान ते प्रात्यक्षिकासह देतात. तालमीच्या दाराशी पोरं चपला काढून आत गेली की मामा पायानंच त्या चपला सरकवत संघ मांडतात. उंबऱ्याला टेकून गोली, त्याच्यापुढं चार स्लीपर बॅकला, दोन्ही बाजूंना बूट, आणि बरोब्बर मध्ये एक जाडजूड, करकर वाजणारं कापशी पायताण. "ह्यो हालायचा न्हाई. बाकी सगळी नाचू द्यात." मग भाचा वाकून एक बूट पुढं सरकवतो.

भाचा हा खरा भाचा आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असला, तरी त्याचा मुख्य विषय प्रीमियर लीग. रात्री दीडपर्यंत मॅच बघायची आणि सकाळी मामांना ज्ञान द्यायचं.

"मामा, आता एक ठेवून चालत नाही. डबल पिव्होट लागतो. दोघं पाहिजेत."

"दोघं ठिवलास तर म्होरं कोण तुझा बा जाणार?"

"बॉक्स मिडफिल्ड करायचं. बॅकमधला एक आत येतो."

"आत येतो? आणि त्याच्या जाग्यावर कोण बसतंय?"

एवढ्यात आतून एक पोरगा बाहेर येतो, चपलांकडं बघतो, मामांकडं बघतो. "मामा, तेवढा लेफ्ट बॅक द्या की, कामावर जायचंय." लेफ्ट बॅक निघून जातो. पाठोपाठ मालक आला की मधलं पायताणही जातं. मामा त्या रिकाम्या फरशीकडं बोट दाखवून भाच्याला म्हणतात, "बघ. ह्योच प्रॉब्लेम हाय आपल्या टीमचा."

आता इथवर मामा तुम्हाला तत्त्वाचा माणूस वाटले असतील. वाटू द्या. मोसमाच्या सुरुवातीला केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, खेळाडूंची नोंदणी चालू होते, तेव्हा हे तत्त्व जरा बाजूला बसतं. अमुक तालमीतला अमुक पोरगा यंदा इकडं येणार, आपला तिकडं जाणार, परदेशी कोण आणायचे, या बातम्यांनी पेठ उकळत असते. त्या दिवसांत मामांचा बॅलन्स नीट ऐकावा. वरच्या गल्लीतले तीन घेतले तर खालच्या गल्लीतले तीन घ्यायला लागतात. गणपतीत वर्गणी दणकून देणाऱ्यांचा पुतण्या बेंचवर तरी हवाच. ज्याच्या चुलत्यानं मागच्या पिढीत तालमीला ढाल मिळवून दिली, त्याला विचारल्याशिवाय त्याच्या जागेवर दुसरा खेळवायचा नाही. उरलेल्या जागांवर नायजेरियातून आलेले दोन दणकट गडी. ते कुठल्याच गल्लीतले नसल्यामुळं सर्वमान्य. ४-३-३, ४-४-२ हे सगळं कागदावर. पेठेतली खरी रचना गल्ल्यांची असते, आणि ती इतकी जुनी की कुठल्याही कोचला बदलता आलेली नाही.

मागच्या वर्षी पेच पडला तो असाच. वरच्या गल्लीत एक हाफ आणि खालच्या गल्लीत एक हाफ, दोघंही जबर, दोघांनाही पुढंच जायचं वेड. दोघं एकत्र खेळवावेत की नाही यावर लोकांची जेवणं गार झाली. भाच्यानं दाखला काढला लॅम्पार्ड आणि जेरार्डचा. एक चेल्सीचा, एक लिव्हरपूलचा, दोघंही आपापल्या क्लबात राजे. इंग्लंडनं वर्षानुवर्षं दोघांना एकत्र बसवायचा खटाटोप केला. २००६ च्या वर्ल्डकपात क्वार्टर फायनलला पोर्तुगालसमोर पेनल्टीवर घरी गेले, आणि पेनल्टी चुकवणाऱ्यांत हे दोघंही होते. २००८ च्या युरोला तर पात्रच ठरले नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामाही म्हणाले, "खरं हाय. दोघातला एकच पायजे." पुढचा प्रश्न अर्थातच कुठला, असा होता. मामा खालच्या गल्लीत राहतात. वरच्या गल्लीचेही एक मामा आहेत. दोघंही मॅकेलेलेचे भक्त. त्या रात्री तालमीत जो आवाज झाला, त्यानं भजनी मंडळाला दुसरीकडं जावं लागलं. शेवटी दोघंही खेळले, आणि बॅकला जे भोक पडलं त्याचं खापर गोलीवर फुटलं. तो बिचारा दुसऱ्या पेठेतला.

मामांच्या मनात आणखी एक दुखरी जागा आहे, ब्राझीलची. वर्ल्डकप आला की कोल्हापूरचे दोन तुकडे होतात, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा आणि पिवळ्याचा. चौकाचौकांत मेस्सी-नेमारचे कटआऊट लागतात, त्यांची उंची शेजारच्या घरांना लाजवते. मामा पिवळ्यातले. १९८२ चा ब्राझील हा त्यांच्या मते जगातला सर्वांत देखणा संघ. मध्ये झिको, सॉक्रेटिस, फाल्काव, सेरेझो. ती मॅच त्यांनी तेव्हा पाहिली की पुढं कधी भाच्याच्या मोबाईलवर, हे विचारायचं नसतं. इटलीविरुद्ध नुसती बरोबरी पुरली असती. २-२ झालंही होतं. पण थांबायचं कुणाला माहीत? पाओलो रॉसीनं तिसरा घातला आणि ३-२ नं खेळ खल्लास. बारा वर्षांनी, १९९४ ला, ब्राझीलनं मध्ये दुंगा आणि मौरो सिल्वा असे दोन पहारेकरी बसवले, फायनलला त्याच इटलीला पेनल्टीवर गुंडाळलं आणि कप नेला. मामांच्या सगळ्या सिद्धांतांप्रमाणं ९४ चा संघ हा आदर्श. पण कधी चुकूनही त्यांच्या तोंडून मौरो सिल्वाची आठवण आलेली मी ऐकली नाही. झिकोचं नाव निघालं की डोळे पुसतात.

हा माणूस कसा आहे, ते यात सगळं आलं. तरी चारच्या मॅचला त्यांच्या शेजारी बसल्याशिवाय पटत नाही. परवा कोचनं मामांचं ऐकलं. एक बारकेला, अबोल पोरगा मध्ये उभा केला. दिवसा एमआयडीसीत पाळी करणारा, कुठल्याच गल्लीला फारसा ठाऊक नसलेला. पहिली दहा मिनिटं मामा प्रसन्न होते. "बघा, बघा. पळत न्हाई, जाग्यावर हाय. बॉल त्याच्याकडंच येतोय." आणि खरोखरच येत होता. समोरच्यांचा पास निघायच्या आधी पोरगं तिथं जाऊन उभं. हिसकाव, दे, परत ये. हे बघायला फार मजा असते असं नाही. समोरच्या गॅलरीत हलगी कडाडत होती, त्यांचा विंगर दोघांना चकवून शिट्ट्या घेत होता. आमच्या पोरानं तिसऱ्यांदा बॉल मागं बॅककडं दिला आणि मामा उठून उभे राहिले.

"आरं, मागं काय देतोस? मागं काय घर हाय तुझं?"

अर्ध्या तासात, "नुस्ता हुबा हाय खांबागत!" उत्तरार्ध सुरू झाला तसं, "काढा त्याला! कुणी आणला ह्यो?" पाठोपाठ आख्खी गॅलरी. कोचची पाठ आमच्याकडं होती, पण पाठीलाही कान असतात. बारकेला बाहेर आला आणि खालच्या गल्लीचा हिरो आत गेला. त्यानं आल्या आल्या एकाच्या पायातनं बॉल काढला, दुसऱ्याला कंबरेतनं वाकवलं. मामांनी शेजाऱ्याच्या पाठीत इतकी जोरात थाप मारली, की त्याचे शेंगदाणे सांडले. तिसऱ्यानं मात्र बॉल काढून घेतला. मध्ये कुणीच नव्हतं. सरळ रस्ता, दोन पास, गोल.

गॅलरी चिडीचूप. मामा खाली बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सोमवारपास्नं वराडतोय मी. मधी पायजे कुणीतरी."

भाच्यानं मोबाईल पुढं केला. त्यात मामांचा आवाज स्पष्ट होता, 'काढा त्याला!'

"ते मी त्यांच्या विंगरला म्हणत हुतो," मामा म्हणाले.

एवढं सगळं असूनही पोरांबद्दल मामांना जेवढं माहीत असतं, तेवढं कोचलाही नसतं. कुणाचा गुडघा पावसाळ्यात दुखतो, कुणाचं लग्न ठरतंय म्हणून लक्ष नाही, कोण रात्रपाळी करून तसाच मैदानात उतरलाय. त्या बारकेल्याला मॅचनंतर अंडी आणि दूध कुणी पाजलं, तेही मला माहीत आहे. पाजताना त्याला पाऊण तास झापलं, हेही माहीत आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपात भारताकडून खेळला, तेव्हा 'पहिल्यांदा मीच वळखलं त्याला' असं म्हणणारे मामा प्रत्येक पेठेत निघाले. आमचेही त्यात होते. फक्त त्यांनी वर एक वाक्य जोडलं, "फॉरवर्ड काय, बॉल देणारा कोण हुता ते इच्चारा."

कधी कोल्हापूरला आलात आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली, तर जरूर जा. जागा मामांच्या शेजारीच धरा, मॅच दुप्पट दिसते. पण त्यांनी 'मधी कोण पायजे, सांगा' असं विचारलं, तर लगेच नाव घेऊ नका. तो पोरगा कुठल्या गल्लीतला, हे आधी विचारून घ्या.