तेरा म्हणजे तेराच

पाना तुटला तर दिसतं. त्याचं तोंड फाकलं तरी हाताला कळतं. पण पान्यावर १३ कोरलेलं असेल आणि तोंड १४ मिलिमीटरचं असेल, तर पहिला संशय स्वतःच्या हातावर येतो, मग बोल्टवर, मग गंजावर. पान्याची पाळी येईपर्यंत बोल्टच्या डोक्याचे सहाही कोपरे मारले गेलेले असतात. चुकीचा आकडा वागवणारं हत्यार मी तुटक्या हत्यारापेक्षा वाईट मानतो, ते यासाठी.

विनिपेगमध्ये बर्फ पडण्याआधी घरोघरी गाडीची चाकं बदलतात. ओळखीच्या एका कुटुंबानं त्यासाठी सॉकेटचा नवा संच आणला, म्हणजे आपल्याकडचा गोटी सेट. एका गोटीवर १३, दुसरीवर १४, आणि आतला षट्कोन दोन्हींचा १३ चाच. दुकानदारानं हसून दुसरा संच दिला. त्यातही तेच.

तेच असणार. कारखान्यात सॉकेट घडवणं, आतला षट्कोन काढणं आणि आकडा उमटवणं ही वेगवेगळी कामं असतात. १३ चा ट्रे १४ च्या छापणीवर गेला की सगळा ट्रे १४ म्हणून बाहेर पडतो. दुतोंडी पान्यावर १२ आणि १३ ची जागा उलटली तर तो साचा बदलेपर्यंत प्रत्येक नग उलटाच निघतो. पान्याचं तोंड किती सैल चालेल याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ६९१. ते मिलिमीटरच्या अंशांत बोलतं, इथे अख्ख्या मिलिमीटरचा घोळ. अशी चूक एकट्या नगाची नसते, लॉटची असते. म्हणून नग बदलून देणं ही दुरुस्तीच नव्हे. शेल्फवरचा सगळा लॉट उतरवायला हवा आणि विकला गेलेला परत बोलवायला हवा. ‘स्वस्तात एवढं चालायचंच’ हे उत्तर मला मुळीच मान्य नाही. पोलाद हलकं असेल, मुलामा पातळ असेल, तर स्वस्ताईचं कारण समजतं. आकडा बरोबर छापायला जास्त पैसे लागत नाहीत.

कॅनडात तर हा प्रश्न दुप्पट. १९७१ मध्ये इथे मेट्रिक आयोग नेमला, १९८५ मध्ये तो गुंडाळला, आणि देश मधेच राहिला. त्यामुळे गॅरेजात इंची आणि मिलिमीटर असे दोन्ही पाने लागतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथे १९ चा पाना बिनदिक्कत चालतो. अर्धा इंच मात्र १२.७. त्यावर १३ चा पाना बसतो, पण गंजलेल्या बोल्टवर जोर दिला की घसरतो. अशा जागी डोळा कामाचा नाही, आकड्यावरच विसंबावं लागतं. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला, तेव्हा काचेच्या ९० पैकी ८४ बोल्टांचा व्यास जेमतेम ०.६६ मिलिमीटरनं कमी होता. जुन्या बोल्टशेजारी धरून, नजरेनं जुळवून बसवलेले. कॅप्टन वाचले.

आणि हे विनिपेगकरांना मी समजावून सांगायचं? इथून तासाभरावर गिमली आहे. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं १४३ क्रमांकाचं विमान मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. बोइंग ७६७, कंपनीच्या ताफ्यात मेट्रिक मापाचं पहिलंच. इंधनाचे काटे बंद होते, म्हणून टाकीची पातळी मोजपट्टीनं काढली. पट्टीवरच्या खुणा बरोबर होत्या, लिटरही बरोबर निघाले: ७,६८२. पुढे त्याला १.७७ नं गुणलं. तो आकडा लिटरचे पौंड करण्याचा. किलो करायला सुमारे ०.८ हवा होता. २२,३०० किलो हवं असताना जेमतेम निम्मं इंधन घेऊन विमान उडालं, ४१,००० फुटांवर इंधन संपत आलं आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं बंद पडली. विनिपेगपर्यंत पोचणं शक्य नाही हे दिसल्यावर कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी ते गिमलीच्या जुन्या हवाईतळावर उतरवलं. तिथे त्या दिवशी मोटारशर्यती चालू होत्या. विमानातले ६९ जण जगले ते वैमानिकांच्या कौशल्यावर. १.७७ हा आकडा कागदावर होता, त्याच्यापुढे पौंड की किलो हे कोणी तपासलं नाही.

टॉर्क पान्याचंही असंच. चाकाचे नट १०० फूट-पौंडांनी आवळायचे, म्हणजे सुमारे १३६ न्यूटन-मीटर. पट्टीवर एकक चुकीचं छापलं आणि १०० न्यूटन-मीटरवर थांबलात, तर नट पाव हिश्शानं ढिले राहतात. पुढे हायवेवर ताशी १०० नं जायचं असतं.

महाराष्ट्रात किराणा दुकानातलं वजनसुद्धा वैधमापन खात्याच्या शिक्क्याशिवाय चालत नाही. कॅनडात पेट्रोलचा पंप आणि दुकानातला काटा मेजरमेंट कॅनडाच्या नियमांत बसतो. ज्या मापानं माल विकला जातो त्याला कायदा आहे. ज्या आकड्यावर भरवसा ठेवून ब्रेकचा बोल्ट आवळतात, त्याला सरकारी शिक्का नाही. तो कारखान्यानं स्वतः तपासायचा असतो, आणि कारखान्यानं सोडलं तर दुकानानं.

हत्यारांच्या प्रत्येक काउंटरवर एक व्हर्निअर कॅलिपर साखळीला बांधून ठेवायला काय हरकत आहे? गिऱ्हाइकानं पैसे देण्याआधी १०, १३ आणि १९ तरी मोजून बघावेत. फरक सापडला तर नुसता नग बदलून घेऊ नका. खोक्यावरचा लॉट क्रमांक व्यवस्थापकाला लिहून द्या, पोच मागा, आणि आठवड्यानं तोच लॉट शेल्फवर आहे का हे जाऊन बघा.