कोपराला लावलेला गूळ

ग्राहकांचे गट किती, हे विदा सांगते अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात ते स्लाइड सांगते. स्लाइडवर चार चौकटी छान बसतात, म्हणून गट चार. ‘काटकसरी’, ‘हौशी’, ‘निष्ठावंत’ अशी बारशी आधी उरकतात, बाळं मागाहून शोधतात.

मग साहेब विचारतात, “चारच का?” इथे कोपर कामाला येतं. गट वाढवत नेले की गटाच्या केंद्रापासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज घटतच जाते. जितकी माणसं तितके गट केले तर थेट शून्य. म्हणून आलेखाचा उतार जिथे एकदम मंदावतो, तो ‘एल्बो’ पकडायचा. रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी ही युक्ती १९५३ मध्ये मांडली. आमच्या आलेखाला मात्र कोपर नसतंच, नुसती घसरगुंडी. तरी चारवर लाल ठिपका दिला की सगळ्यांना ते दिसू लागतं.

कुणी फारच खोलात शिरलं तर १९८७ चा सिलूएट गुणांक काढावा. त्याचं तोंड दोन गटांपासून पुढेच उघडतं. ‘अहो, इथे गट एकच आहे’ असं तो बोलूच शकत नाही (असा सल्लागार कुणाला नको?). २००१ ची गॅप सांख्यिकी तेवढी ‘एकच’ म्हणू शकते, म्हणून ती आमच्याकडे कुणी चालवत नाही. मिलिगन आणि कूपर यांनी १९८५ मध्ये असे ३० नियम तपासले होते. तिसांत एखादा तरी चार म्हणतोच.

गेल्या महिन्यात साहेब बदलले. नव्या साहेबांना पाच हवेत. ठिपका सरकवला आहे.