शिवाय थोडं पथ्य, थोडं चालणं

लिपिड प्रोफाइलचे दोन रिपोर्ट, एक ‘आधीचा’ आणि एक ‘नंतरचा’, प्लास्टिकच्या फोल्डरात घालून हिंडणारे गृहस्थ तुमच्या ओळखीचे आहेतच. ते बागेत भेटतात, बँकेत पासबुक भरायच्या रांगेत भेटतात, लग्नाच्या पंगतीत तर हटकून शेजारी बसतात आणि तुमच्या ताटातल्या जिलबीकडे पाहत तुमचा आकडा विचारतात. नाव काहीही असो, आपण त्यांना नाना म्हणू. नानांचा एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १६८ वरून १३१ वर आला आहे, आणि तो एका चूर्णाने आणला आहे. चूर्ण कोणतं, ते ऋतूप्रमाणे बदलतं: कधी अर्जुनसाल, कधी गुग्गुळ, कधी मेथी-जवसाचं घरगुती मिश्रण, कधी लसणाच्या बिनवासाच्या कॅप्सूल. श्रेय मात्र नेहमी चूर्णालाच. किती ग्रॅम, कोमट पाण्याबरोबर की ताकाबरोबर, उजाडण्याआधी की नंतर, हे सगळं तपशीलवार सांगून झालं, समोरच्याने दुकानाचा पत्ताही टिपून घेतला, की नाना उठता उठता पुस्ती जोडतात, “शिवाय थोडं पथ्य, थोडं चालणं. बाकी काही नाही.”

सगळी गोम या पुस्तीत आहे. खोदून विचारलंत तर कळतं की थोडं पथ्य म्हणजे साय, लोणी, खारी, फरसाण आणि रविवारचं मटण घरातून हद्दपार. भाकरीबरोबर रोज मोड आलेली कडधान्यं. रात्रीचं जेवण साडेसातला, आणि तेही निम्मं. थोडं चालणं म्हणजे पहाटे पाचला उठून टेकडी, पावसाळ्यात छत्री घेऊन. वजन सात किलोंनी उतरलंय, सदरा खांद्यांवरून लोंबतोय, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडून झाली आहेत, आणि नाना म्हणतात, चूर्ण जबरदस्त आहे. गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला गाडी आपणच ओढतो असं वाटतं, हे आपण ऐकत आलो. इथे गाडी ओढणारा बैलच कुत्र्याचा सत्कार करत सुटला आहे. डबा बनवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर डब्यावर भिंग लावून वाचावं लागेल अशा अक्षरांत छापलेलं असतं: संतुलित आहार व नियमित व्यायामासोबत घ्यावे. आकडा उतरला तर चूर्णाचा गुण, नाही उतरला तर तुमचं पथ्य कच्चं. इतका बिनतोट्याचा धंदा दुसरा नसेल.

नाना खोटं बोलत नाहीत, हे आधी मान्य करू. आकडा खरोखर उतरला आहे. प्रश्न एवढाच की तो कुणी उतरवला. एलडीएल हा काही उंचीसारखा ठाम आकडा नव्हे. त्याच माणसाचा, त्याच लॅबमध्ये, काहीही बदललेलं नसताना दोन तपासण्यांत दहा-पंधरा अंकांचा फरक सहज पडतो. त्यात नाना पहिली तपासणी करतात केव्हा? दिवाळीचा फराळ आणि दोन लग्नं उरकल्यावर, मनात चुकचुकल्यावर. चढलेल्या दिवशी मोजलेला आकडा पुढच्या खेपेला आपल्या नेहमीच्या जागी परत यायला बघतोच. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली आईबापांच्या आणि मुलांच्या उंच्या मोजून हा नियम मांडला. फार उंच आईबापांची मुलं सरासरीच्या जवळ सरकलेली त्याला दिसली. म्हणजे नानांनी काहीही न करता नुसती वाट पाहिली असती, तरी काही अंक उतरले असते. वाट पाहण्याचा डबा मात्र कुणी विकत नाही.

म्हणून तुलना लागते: काही जणांना चूर्ण, काही जणांना तसंच दिसणारी खोटी गोळी, आणि कुणाला काय मिळालं ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने २०२२ साली नेमक्या अशाच तुलनेचे निकाल जाहीर केले. सुमारे १९० माणसं, २८ दिवस, आठ गट: हळद, दालचिनी, लसूण, माशाचं तेल, वनस्पतिजन्य स्टेरॉल, लाल यीस्टचा तांदूळ, खोटी गोळी, आणि आठव्या गटाला रोसुवास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधाची ५ मिलिग्रॅमची लहानशी मात्रा. रोसुवास्टॅटिनवाल्यांचा एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरला. बाकी सहांपैकी एकाही पदार्थाला खोट्या गोळीपेक्षा जास्त उतार दाखवता आला नाही. लसणाच्या गटात तर खोट्या गोळीच्या मानाने आकडा थोडा वरच गेला. इथे एक बारीकशी गोष्ट सांगायला हवी, जी नाना दुसऱ्या चहानंतर सांगतात: रात्री झोपताना ते एक छोटी गोळीही घेतात. कसली? “ती होय, ती स्टॅटिनची. डॉक्टरांच्या समाधानासाठी. शिवाय थोडं पथ्य, थोडं चालणं.”

नानांचे आक्षेप तयार असतात आणि ते सगळेच उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला: हा अभ्यास औषधकंपनीच्या पैशांवर झाला. खरं आहे, रोसुवास्टॅटिन बनवणाऱ्या कंपनीनेच त्याला पैसे दिले होते, आणि अशा वेळी भुवई उंचावणं हा शहाणपणाच. दुसरा: वनस्पतीला वेळ लागतो, २८ दिवसांत काय होणार? हेही विचारण्यासारखं. पण दोन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी २००७ साली १९२ माणसांवर लसूण तपासला, तोही अमेरिकी सरकारच्या संशोधन-निधीतून आणि तब्बल सहा महिने. कच्चा लसूण सँडविचमध्ये घालून दिला, भुकटीच्या गोळ्या दिल्या, मुरवलेल्या लसणाचा अर्क दिला. एलडीएल जागचा हलला नाही. ठेच्याला याने काही कमीपणा येत नाही; लसूण भाकरीसाठी जन्मला आहे, रिपोर्टसाठी नव्हे.

तिसरा आक्षेप जास्त नाजूक, कारण त्यात अभिमान गुंतलेला असतो: आपल्या वनस्पती परदेशी लोकांनी तपासायच्या कशाला? तर त्या आधी आपणच तपासल्या. गुग्गुळाची गोष्ट बघा. डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनाचा धागा पकडून सशांवर प्रयोग केले. १९६६ सालचा त्यांचा प्रबंध त्यावरच आहे. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळाचा अर्क विकसित केला, भारतातल्या चाचण्यांत त्याचा गुण दिसला आणि १९८० च्या दशकात तो औषध म्हणून बाजारात आला. ग्रंथातल्या ओळीला प्रयोगशाळेत उभं करणं ही त्या काळची धाडसी विद्वत्ता होती. मग २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी झाली, खोट्या गोळीशी तुलना करून. खोटी गोळी घेणाऱ्यांचा एलडीएल ५ टक्क्यांनी उतरला, गुग्गुळवाल्यांचा ४ ते ५ टक्क्यांनी चढला, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. त्या खोट्या गोळीवाल्यांकडे नीट बघा: काहीही न घेता ५ टक्के! त्यांतला प्रत्येक जण फोल्डर घेऊन हिंडायला मोकळा होता. दरम्यान डिंकासाठी कच्छ-राजस्थानातली गुग्गुळाची झुडपं चिरून चिरून इतकी मारली गेली की आज ती वनस्पती अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा चौथा मुद्दा, पण त्यावर फार वेळ घालवायला नको. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. आणि नैसर्गिकच म्हणायचं तर स्टॅटिन कुठून आलं? जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा चाळून १९७३ साली पहिलं स्टॅटिन शोधलं ते पेनिसिलियम जातीच्या बुरशीत. लाल यीस्टच्या तांदळातला मुख्य घटक तर लोव्हास्टॅटिनच. फरक इतकाच की डब्यात तो किती आहे ते डब्यालाही माहीत नसतं.

मग वनस्पतींत काहीच नाही का? आहे, आणि इथेच नानांची खरी फजिती होते. रोज सात ग्रॅम विद्राव्य तंतू पोटात जातील इतका इसबगोल घेतला तर एलडीएल पाच-सात टक्के उतरतो, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. उंझ्याच्या बाजारातला हा इसबगोल नानांच्या फडताळात वीस वर्षं आहे. पण तो ‘पोटासाठी’. त्याच्याबद्दल पंगतीत बोलत नाहीत. टोरोंटोच्या डेव्हिड जेंकिन्स यांनी २००३ साली आणखी पुढे जाऊन ४६ जणांपैकी एका गटाला महिनाभर ठरावीक जेवण दिलं: सोयाबीन, बदाम, ओट्स, इसबगोल, वनस्पतिजन्य स्टेरॉल घातलेलं मार्गारिन, आणि हो, भेंडी आणि वांगी. एलडीएल जवळजवळ २९ टक्के उतरला. लोव्हास्टॅटिन घेणाऱ्यांचा ३१ टक्के. तेच पथ्य २०११ च्या अभ्यासात माणसांनी आपापल्या घरी सहा महिने पाळलं, तेव्हा उतार १३-१४ टक्क्यांवर आला, कारण घरी सणवार असतात. चालण्याने एलडीएल फारसा हलत नाही, पण ट्रायग्लिसराइड आणि वजन उतरतं. म्हणजे नाना ज्याला ‘थोडं’ म्हणून तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, औषध तेच आहे. चूर्ण हीच पुस्ती.

असं असूनही नानांना निकालात काढवत नाही. आपल्यातले बहुतेक जण कोलेस्टेरॉल मोजतच नाहीत. छातीत कळ आल्यावरच आकडा कळतो. नाना मोजतात, तारीख घालून जपून ठेवतात. तो ‘आधीचा’ रिपोर्ट कुठल्या आठवड्यातला आहे ते कधी पाहिलंत तर लक्षात येईल: टेकडीवरच्या गटातला एक जण एका सकाळी आला नाही, त्याच्या पुढच्याच आठवड्यातला. कोलेस्टेरॉल दुखत नाही, ताप आणत नाही, समोर येऊन उभं राहत नाही. अशा शत्रूशी नुसतं भजी न खाऊन लढायचं म्हणजे हात रिकामे राहतात. चमचाभर कडू चूर्ण ढवळताना काहीतरी केल्यासारखं वाटतं. शिवाय नानांना ते दुसऱ्याला द्यायचं असतं. ‘भजी सोडा’ सांगणाऱ्याला कुणी दुसऱ्यांदा चहाला बोलावत नाही. डबा घेऊन येणाऱ्याला बोलावतात. आणि त्या गटातला आणखी कुणी गळू नये, एवढीच त्यांची धडपड असते.

एकट्या माणसाला प्रयोग करता येत नाही, असंही नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने २०२० मध्ये अशा ६० जणांना घेतलं, ज्यांनी त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलं होतं. प्रत्येकाला वर्षभरासाठी बारा बाटल्या: चारांत खरं स्टॅटिन, चारांत खोटी गोळी, चार रिकाम्या. त्रासाची नोंद रोज. गोळीमुळे वाटणाऱ्या त्रासापैकी नव्वद टक्के त्रास खोट्या गोळीनेही होत होता, आणि हे स्वतःच्याच आकड्यांत पाहिल्यावर निम्म्या लोकांनी औषध पुन्हा सुरू केलं.

तेव्हा नाना भेटले तर वाद घालू नका, त्यांना एक प्रयोग सुचवा. पथ्य तेच, टेकडी तीच, लॅब तीच. महिन्याच्या अंतराने दोन तपासण्या करून सरासरी काढा. मग फक्त चूर्ण बंद करा आणि आठ-दहा आठवड्यांनी पुन्हा तशाच दोन तपासण्या करा. रात्रीची ती छोटी गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नका.