अस्सल चिलीचा गुप्त मसाला

ओहायोतल्या सिनसिनाटीची चिली घरी करायची, तर आधी खिमा परतायची सवय सोडावी लागते. बीफचा कच्चा खिमा गार पाण्यात हातानं कुस्करायचा आणि तसाच उकळायचा. पातेल्यात राखाडी, गढूळ पाणी दिसलं तरी घाबरू नये. परंपरा सुरुवातीला अशीच दिसते. मग जिरं, लाल तिखट, टोमॅटो, व्हिनेगर आणि दालचिनी-लवंग-ऑलस्पाइसचा मारा. काही घरांत कोकोही पडतो, पण तो कबूल करायचा नसतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वर थिजलेली चरबी सकाळी काढायची आणि उरलेलं गरम करून स्पॅगेटीवर ओतायचं. वर किसलेल्या चेडर चीजचा डोंगर. हे झालं ‘थ्री-वे’. कांदा किंवा राजमा घातला की ‘फोर-वे’, दोन्ही घातले की ‘फाइव्ह-वे’. जेवणाआधी बेरीज पक्की हवी.

१९२२ मध्ये मॅसेडोनियातून आलेल्या किराजिएफ बंधूंनी ‘एम्प्रेस’ थिएटरशेजारी ही विकायला सुरुवात केली. आता गावात ज्याची त्याची पाककृती गुप्त, आणि ज्याची त्याचीच अस्सल! गुपित बहुधा दालचिनीच्या चमच्यापाशीच संपतं. तिकडे टेक्सासनं १९७७ मध्ये चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ केलं. तिथल्या कट्टरांना चिलीत राजमासुद्धा खपत नाही. स्पॅगेटीचं नाव तर काढूच नका.

आणि हो, ही स्पॅगेटी काट्याला गुंडाळत बसू नका. सिनसिनाटीकर ती काट्याच्या कडेनं कापून खातात.