वक्त्याच्या नवऱ्याचं ताट

ती. आई-बाबांस,


पार्सल परवा पोचलं. भाकरवडी शाबूत आहे, लीलो चिवड्याचा निम्मा भुगा झालाय आणि मेतकुटाची पुडी फुटून कालनिर्णयाचा अख्खा मार्च पिवळा झालाय. गुढीपाडवा कधी ते वासावरून कळेल. समीर भुगा चमच्यानं खातोय, त्यामुळे वाया काही गेलं नाही.

कपड्यांचं मशीन थांबायला अवकाश आहे, तेवढ्यात लिहून काढते. कारण फोनवर आईनं एकच प्रश्न लावून धरला, ‘क्लबात गेलीस म्हणजे काय काय होतं तिथे?’ हे आत्यानं कानात घातलंय, मला ठाऊक आहे. आत्याला सांग, दुपारचं जेवण होतं आणि प्यायला बर्फाचं पाणी होतं. बाहेर अंगणात बर्फ, पेल्यातही बर्फ. गुजरातची दारूबंदी इथे मी एकटी पाळतेय.

क्लब म्हणजे आमच्या गावातली निवृत्त मंडळी. महिन्यातून एकदा जमतात, आधी जेवतात, मग पाहुण्या वक्त्याला ऐकतात, मग सोडत काढतात. गर्दी सोडतीसाठी असते. या खेपेची पाहुणी मी. वक्त्याला वीस मिनिटं. अठराव्या मिनिटाला अध्यक्षबाई पितळी घंटा उचलून हातात धरतात, वाजवत नाहीत, नुसत्या धरतात. बडोद्यात वक्ता प्रास्ताविकालाच वीस मिनिटं घेतो आणि तेवढ्यात आपल्या अण्णांची पहिली झोप होते. इथे अण्णांचे हालच झाले असते.

आता नियम ऐका. जेवण दहा दिवस आधी कळवायचं: कोंबडी, मासा की शाकाहारी. शाकाहारी म्हणजे पास्ता, विचारायची सोय नाही. ऐनवेळी आलेल्याला खुर्ची मिळते, ताट मिळत नाही. वक्त्याला जेवण फुकट, वक्त्याच्या नवऱ्याला नाही. समीर मला गाडीनं घेऊन आला, प्रोजेक्टरची वायर त्यानं जोडली, आणि दारातल्या बाईंनी त्याच्यापुढे पावती ठेवली. ३४ डॉलर. वर कनेक्टिकटचा ७.३५ टक्के कर, वर २० टक्के टीप. झाले ४३ डॉलर, म्हणजे साडेतीन हजारांच्या वर! एका पास्त्याला! आणि तोही थंड. आई, तू हिशेब करू नकोस, तुझं बीपी वाढेल. आपल्याकडे वक्त्याच्या ड्रायव्हरलासुद्धा बटाटेवडा दिल्याशिवाय कुणी सोडत नाही. समीरनं पावती जपून ठेवलीय, आल्यागेल्याला दाखवतो.

डाळ लावून आले. हां, तर नंदामावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन अखेर ठरलं हे वाचून बरं वाटलं. पण ती जिने चढायला लागली की गच्चीवरच्या लोणच्याच्या बरण्या कुलपात ठेवा. समोरच्या जोशांनी फ्लॅट विकला आणि घेणारा माणूस ‘शांत’ आहे म्हणता. जोशीही सुरुवातीला शांतच होते. बंड्याला नवी स्कूटर कुणी घेऊ दिली? जुनीनं त्याला सुरसागर तळ्याच्या कठड्यावर नेऊन बसवलं होतं, ते विसरलात?

बाबा, तुम्हाला व्याख्यानाचं हवंय. विषय आपलाच घेतला, विल्यम बॉर्डन. न्यू हेवनच्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचा ग्रंथपाल. ती संस्था १८२६ सालची, अजून चॅपल स्ट्रीटवर आहे, आमच्यापासून फार लांब नाही. त्याला १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी बडोद्याला नेलं. तीन वर्षं राहिला, ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग काढला, पुस्तकांच्या वर्गीकरणाची स्वतःची पद्धत बसवली. खेडोपाडी पुस्तकांच्या लाकडी पेट्या जायच्या तेही सांगितलं. हो, वाचनालय चळवळीतल्या मोतीभाई अमीनांचं नाव घेतलं. दोनदा घेतलं. आणि गावानं वाचनालयासाठी एक वाटा जमवला की दुसरा वाटा प्रांत पंचायत घालायची आणि तिसरा सरकार, हेही सांगितलं. तेव्हा मागून समीर मराठीत मोठ्यानं म्हणाला, ‘इथे तिन्ही वाटे माझेच!’ कुणाला कळलं नाही, पण मी हसले आणि त्यात अर्धं मिनिट गेलं.

न्यू हेवनच्या इतक्या जवळ राहून बॉर्डनचं नाव क्लबात कुणालाही माहीत नव्हतं. एका काकांनी फार प्रेमानं विचारलं, तुमच्याकडे आता तरी लायब्रऱ्या आहेत का? मी म्हटलं, शंभर वर्षांपूर्वी तुमचाच माणूस लावून आम्ही त्या वाढवल्या, जपल्याही आम्हीच. टाळ्या पडल्या. घंटा हातात होतीच.

पण मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीच्या काचेच्या जमिनीचा फोटो पडद्यावर आला आणि मला पुढचं वाक्य सुचेना. खालच्या कपाटांपर्यंत उजेड पोचावा म्हणून काच, एवढंच सांगायचं होतं. शनिवारी तुम्ही मला न्यायचात, खाली उभे राहून वर चालणाऱ्यांच्या सावल्या बघायचो, मग बाहेर सेवउसळ. तुम्ही तिखट रस्सा जास्त मागायचात आणि घरी आईला सांगायचात की फक्त चहा घेतला. आई, हे तुला आता कळलं तर कळू दे. इथे कुणाला सांगू हे? सेवउसळ म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागेल आणि वीस मिनिटं पुरणार नाहीत.

शेवटी क्लबच्या नावाचा मग मिळाला. सोडतीत समीरला काही लागलं नाही. मशीन शिट्ट्या मारतंय, आवरते.

एक काम आहे. क्लबातल्या एका निवृत्त ग्रंथपालबाईंना काचेच्या जमिनीचे जवळून काढलेले फोटो हवेत, माझ्याकडचा एकच आहे आणि तोही धूसर. बाबा, लायब्ररीत जाऊन आधी परवानगी मागा, मग काढा. रिक्षानं जा, बंड्याच्या स्कूटरवर मुळीच बसू नका. आणि मेतकूट पुन्हा पाठवा, पण दोन पिशव्यांत घालून.

तुमची,
मनू