डहाळी: एक गौरव

वणव्याशी झुंजणाऱ्या भोर-वेल्ह्याच्या पथकांना ज्याने हे उपकरण दिलं, त्या अज्ञात संशोधकाचा आम्ही जाहीर सत्कार करतो. उपकरणाचं नाव डहाळी. तिला निविदा लागत नाही. १,४०३ मीटर उंच तोरण्यावर बंब चढत नाही. डहाळी तिथे आधीच उगवलेली असते. ब्लोअर पेट्रोल मागतो, ही फक्त मनगट मागते. वेल्हे तालुक्याचं नाव बदलून राजगड झालं. डहाळीत मात्र सुधारणेला जागाच नाही. तरी तिला क्रमांक द्यावा, डेडस्टॉक रजिस्टरला चढवावं, दरवर्षी तपासावं, ही नम्र सूचना. साहेबांचा वेळ वाचावा म्हणून पहिल्या तपासणीचा शेराही लिहून ठेवला आहे: उपकरण उत्तम, झाड गेल्या वणव्यात जळालं.